खुंटीवरची कुप्पी

दिग्रसला बसस्टँडमागच्या गल्लीत एक कृषी केंद्र आहे. खाली बियाणं, खतं आणि फवारणीचे पंप. वर, लोखंडी जिन्यानं चढून गेलं की विठ्ठलरावांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. चार टेबलं, पाच कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा, आणि दुपारी जिन्यातून वर येणारा औषधांचा असा वास की नव्या माणसाला वाटावं, इथे कॉम्प्युटरवरही फवारणी होत असावी. गझाला शेख चार वर्षं तिथे काम करत होती आणि तिला तो वास आता येतच नसे.

त्या शनिवारी सकाळी ती जिना चढत होती तेव्हाच वरून राजकुमारचा आवाज आला.

"मी काई नाई केलं! माह्या मशीनवर चालून राह्यलं न ते!"

गझाला मधल्या पायरीवर थांबली. हे वाक्य तिनं त्या महिन्यात निरनिराळ्या तोंडांतून सहा वेळा ऐकलं होतं, हे सातवं. त्याचा अर्थ दर वेळी एकच असायचा. बिल्ड तुटला.

बिल्ड म्हणजे काय, हे तिनं एकदा आपल्या अम्मीला, रौशनबीला, रोट्या लाटता लाटता समजावून सांगितलं होतं. पुण्यात वीस जण आणि दिग्रसला चार, असे चोवीस जण मिळून एकच मोठं सॉफ्टवेअर लिहितात. जिनिंगच्या फाटकात कापसाची गाडी आली की तिची नोंद, काट्यावर वजन, रुईच्या गाठीला नंबर, सगळं त्यात. प्रत्येक जण आपापला तुकडा लिहितो आणि एका सामायिक जागी नेऊन जोडतो. जोडलेलं सगळं मिळून उभं राहतं का, ते तिथलं मशीन लगेच तपासतं. राहिलं तर हिरवं, नाही तर लाल. आणि लाल झालं की चोवीस जणांचं काम अडतं, कारण मोडक्यावर पुढचं काही रचता येत नाही.

"म्हंजे एकीच्या डाळीत खडा निघाला की साऱ्या पंगतीनं उठाचं?" रौशनबीनं विचारलं होतं.

"अगदी तसंच, अम्मी."

"मंग डाळ निवडून नाई टाकत काय तुम्ही?"

गझाला निवडून टाकायची. बाकीच्यांचं काय सांगावं? राजकुमार राठोड गावाबाहेरच्या तांड्यावरून मोटारसायकलवर यायचा, डोकं वाऱ्यासारखं चालायचं आणि हातही तसाच, त्यामुळे अर्ध्या फाइली पाठवायला विसरायचा. त्याच्या मशीनवर त्या पडलेल्याच असत, म्हणून त्याच्याकडे सगळं सुरळीत चालायचं आणि बाकी जगात कोसळायचं. बबिता कानाला हेडफोन लावून मुकाट्यानं काम करायची, पण दुसऱ्यानं सकाळी काय बदललं ते न पाहता संध्याकाळी आपलं जोडून मोकळी व्हायची. आणि खुद्द विठ्ठलराव! मालक माणूस, बारा वर्षं पुण्यात घालवून गावी परतलेला. त्यांनी खरं तर फक्त फोन घ्यावेत. पण त्यांना मधूनच हौस यायची. "एक बारीक दुरुस्ती केली बरं का," असं ते हसत म्हणाले की गझाला आधी पडद्याचा रंग बघायची.

ती वर पोचेपर्यंत पुण्याहून फोन आलाच. दीपमाला म्हणजे तिकडची प्रमुख. कधी आवाज चढवायची नाही, आणि त्यामुळेच तिची जास्त भीती वाटायची.

"स्पीकरवर घ्या," ती म्हणाली. "महिन्यात सात वेळा दिग्रसकडून तुटलं. माझे वीस जण आत्ता चहा पीत बसलेत, दुसरं काही करताच येत नाही. दसऱ्यानंतर जिनिंग सुरू होतील. मी आता स्पष्टच सांगते. सोमवारपासून तीस दिवस. तेवढ्यात तुमच्याकडून एकदा जरी तुटलं, तर सगळं काम पुण्यात आणणार. गझाला, तुला मी इथे घेईन. बाकीच्यांचं मला काही सांगता येत नाही."

फोन ठेवला गेला. पंखा कुरकुरत राहिला.

"तुले त चांगलंच हाय," राजकुमार हळूच म्हणाला. "पुणं."

गझालाला पुणं माहीत होतं. शिकून झाल्यावर एक वर्ष ती तिथे राहिली होती. एका खोलीत चौघी, डब्यात गोड वरण, आणि रविवारी दिवसभर कुणाशी बोलायला नाही. परत आली तेव्हा दिग्रसच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या चहावाल्यानं "अय्यूब फिटरची पोरगी न तू?" असं विचारलं आणि तिला भर स्टँडवर रडू आलं. तिला दिग्रसमध्येच राहायचं होतं. घरापासून दहा मिनिटांवर ऑफिस, दुपारी अम्मीच्या हातचं गरम जेवण, आणि जिनिंगचा भोंगा वाजला की अब्बा आता निघाले हे घरबसल्या कळणं. याहून जास्त तिला काही नको होतं, आणि एवढंच आता टांगणीला लागलं होतं.

संध्याकाळी तिनं अब्बांना सगळं सांगितलं. अय्यूब तीस वर्षं जिनिंगात फिटर होता आणि त्याच्या हातांची दहाही बोटं शाबूत होती. त्या धंद्यात ही सांगण्यासारखी गोष्ट आहे.

"आमच्या जुन्या जिनिंगात एका शाफ्टवर चोवीस रेचे होते," अय्यूब म्हणाला. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. "एक अटकला का साऱ्याईचे पट्टे उतरे. म्हून उस्तादनं कायदा केलता. तेलाची कुप्पी एकच. बटनाच्या बाजूले खुंटीवर. ज्याले शाफ्टजवळ जाचं त्यानं कुप्पी घेऊन जाचं. खुंटी रिकामी दिसली का कोणी बटनाले हात लावत नव्हता. काम झालं, रेचा हातानं फिरवून पाह्यला, का कुप्पी परत खुंटीवर. अन् बूड दोन डाव दाबाचं. टक-टक. म्हंजे समजाचं, रस्ता साफ हाय."

"तुमच्याकडे अजून आहे ती कुप्पी?"

अय्यूबनं पेटीतून काढून दिली. जस्ताची, लांब नळीची, बुडाशी पोचे पडलेली.

सोमवारी गझालानं ऑफिसच्या भिंतीत खिळा ठोकला आणि त्यावर कुप्पी टांगली. शेजारी कृषी केंद्राचं कॅलेंडर. मग कोपऱ्यातला सगळ्यात जुना कॉम्प्युटर पुसून काढला. त्याचं नाव 'काका', कारण तो सुरू व्हायला वेळ लावायचा आणि सुरू झाला की थांबायचा नाही. काकाच्या पोटात तिनं काहीच ठेवलं नाही. दर वेळी सगळं नव्यानं आणायचं आणि कोऱ्या जागी जोडून बघायचं, एवढंच त्याचं काम.

"ऐका," ती म्हणाली. "ज्याला जोडायचंय त्यानं कुप्पी आपल्या टेबलावर घ्यायची. कुप्पी एकाकडे असताना दुसऱ्यानं जोडायचं नाही. आधी बाकीच्यांचं आजपर्यंतचं सगळं आपल्याकडे घ्यायचं, त्यात आपलं मिसळायचं, मग काकावर चालवायचं. माझ्या मशीनवर चालतं, हे वाक्य आजपासून बंद. काकावर चाललं तरच पुण्याला. मग कुप्पी खुंटीवर आणि टक-टक."

"अन् मालकाले?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"मालकालाही."

"काकाले वीस मिनिटं लागते वो."

"मग वीस मिनिटं बसायचं, भाऊ. पुण्यात वीस जण बसतात त्यापेक्षा बरं."

पहिले काही दिवस मोठे मजेत गेले. टक-टक करण्याचा सगळ्यांनाच नाद लागला. विठ्ठलराव तर दोनाच्या जागी चार वेळा बूड दाबायचे. काकानं राजकुमारच्या विसरलेल्या फाइली तीनदा पकडल्या, आणि पुण्याला त्याचा पत्ताही लागला नाही. रोज संध्याकाळी गझाला कॅलेंडरवर हिरवा ठिपका देऊन घरी जायची.

पाचव्या दिवशी एकच घोळ झाला. सकाळी खुंटी रिकामी, टेबलांवरही कुप्पी नाही, आणि राजकुमारचा पत्ता नाही. आदल्या दिवशी त्यानं जोडणी केली आणि घाईत कुप्पी चार्जरबरोबर पिशवीत टाकून तांड्यावर नेली होती. नियम म्हणजे नियम. कुप्पी नाही, तर जोडणी नाही. शेवटी बबिता गाडी काढून तांड्यावर गेली. राजकुमार अजून अंथरुणातच होता; त्याची आई, सोनीबाई, ओसरीवर शिलाई मशीनवर बसली होती आणि कुप्पी तिच्या मांडीवर होती.

"चांगली हाय वो ही," सोनीबाई म्हणाली. "मशीन कशी पाण्यावानी चालून राह्यली पाह्य. तुमच्या हापिसात कायले लागते?"

बबितानं समजावून सांगायचा प्रयत्न केला, तो सोनीबाईंनी चहा पुढे करून मोडून काढला. कुप्पी परत आली ती थोडी रिकामी होऊन, आणि तिच्या दांडीला आरसे लावलेलं बंजारा भरतकामाचं एक गोंडेदार फूल बांधलेलं होतं. "आता कोनी आपली म्हून पिशवीत नाई टाकत," असा सोनीबाईंचा निरोप होता.

इथपर्यंत सगळं छान होतं. बिघडलं ते बाराव्या दिवशी, आणि बिघडवलं गझालानं.

शुक्रवार होता. बबितानं कुप्पी घेतली, काकावर चालवलं आणि काका लाल झाला. यात वाईट काहीच नव्हतं. काका त्यासाठीच तर होता. पुण्याला काही गेलं नव्हतं, दहा मिनिटांत दुरुस्त झालं असतं. पण गझालानं लाल रंग पाहिला आणि तिचं डोकंच फिरलं. अकरा हिरव्या ठिपक्यांनी तिची झोप उडवली होती.

"डोळे मिटून काम करतेस का तू? अठरा दिवस राहिले फक्त! हे पुण्याला गेलं असतं तर? माझ्या एकटीचीच आहे का ही काळजी?"

बबितानं हेडफोन काढले, ऐकून घेतलं, आणि परत लावले. डोळ्यांत पाणी होतं. गझालाला ते दिसलं, पण तिनं माफी मागितली नाही. आपण बरोबर आहोत असं तिला वाटत होतं.

त्यानंतर ऑफिसात एक गंमतच झाली. कुणी कुप्पी घेईना. राजकुमार म्हणायचा, "अजून थोडं राह्यलं माहं, झालं का एकदमच जोडतो." बबिता काही म्हणायचीच नाही. विठ्ठलरावांची हौससुद्धा आटली. आणि खरं सांगायचं तर गझालाही आपलं काम आपल्याच मशीनवर ठेवू लागली. जोडलं आणि तुटलं तर? मग ठिपक्यांचं काय? त्यापेक्षा उद्या बघू. कॅलेंडर मात्र रोज हिरवं होत होतं. तेरा, चौदा, पंधरा. गझाला घरी सांगायची, "अब्बा, आज सतरा झाले." "अब्बा, आज वीस."

बाविसाव्या दिवशी, सोमवारी, पंख्याची कुरकुर अखेर असह्य झाली म्हणून अय्यूबलाच बोलावलं. शिडीवर चढण्याआधी त्यानं सवयीनं खुंटीवरून कुप्पी घेतली, नळीचं टोक बोटांनी चाचपलं, आणि बोट डोळ्यांसमोर धरलं. धूळ होती. तेलाचा थेंब नव्हता.

"तुमचं काम बंद हाय काय, बेटा?"

"बंद कसं असेल? उलट बावीस दिवस झाले, एकदाही तुटलं नाही!"

"नळी सुकली," अय्यूब म्हणाला. "आठ-दहा दिवसांत कोनी हात नाई लावला हिले. फुलावरही जाळी धरली कोळ्यानं." मग शिडीवर चढता चढता सहज म्हणाला, "चालवलाच नाई त रेचा तुटन कायले? आमच्याकडं असा बंद ठेवलेला रेचा सीजनमंदी पयल्याच दिवशी अटके."

पंखा नीट झाला. चहा पिऊन अय्यूब निघून गेला. गझाला मात्र कॅलेंडरसमोर उभीच राहिली. मग तिनं एकेकाच्या मशीनवर जाऊन पाहिलं. राजकुमारकडे दहा दिवसांचं काम. बबिताकडे दहा दिवसांचं. विठ्ठलरावांकडे तीन बारीक दुरुस्त्या, त्यातली एक अजिबात बारीक नव्हती. आणि तिच्या स्वतःकडे सगळ्यात जास्त. चौघांनी एकाच सॉफ्टवेअरला चार दिशांना ओढून नेलं होतं. हे सगळं तिसाव्या दिवशी एकदम जोडायचं म्हणजे जिनिंग सुरू होण्याच्या तोंडावर पुण्यासकट सगळ्यांना खड्ड्यात घालणं होतं.

"उद्यापासून जोडायचं," ती म्हणाली. "सगळं."

"आठच दिवस राह्यले वो," विठ्ठलराव खुर्ची ओढून तिच्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "गप बसू न. तीस दिवस होऊ दे. काम आपल्याकडंच राहीन, मंग एकतीसव्या दिवशी तुटलं त तुटलं. बोली त तीसचीच हाय."

खोटं बोलायचं नव्हतं. काही करायचंच नव्हतं. आठ दिवस हातावर हात ठेवून बसलं की दिग्रस राहणार होतं, अम्मीचं जेवण राहणार होतं, भोंगा राहणार होता. गझालाला मोह झाला. तिनं तो कुणापासून लपवलाही नाही.

"मलाही वाटतं हो, भाऊ, गप बसावं असं," ती म्हणाली. "पण मग गाड्या फाटकात उभ्या राहतील आणि आपलं सॉफ्टवेअर पडलेलं असेल. त्या जिनिंगात अब्बा असतील. त्यांना काय सांगू? आमचे तीस ठिपके झाले म्हणून?"

मग ती बबिताच्या टेबलाशी गेली आणि तिचे हेडफोन स्वतःच्या हातानं काढले.

"त्या दिवशी तुझं काहीच चुकलं नव्हतं. काकानं पकडलं, तेवढ्यासाठीच तो आहे. माझं चुकलं. माझ्यामुळे सगळ्यांनी कुप्पीची धास्ती घेतली."

बबितानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "मले वाटलं, तू आता बोलतच नाई माह्याशी," ती म्हणाली, आणि ड्रॉवरमधून एक आवळा कँडी काढून गझालाच्या हातावर ठेवली.

मंगळवारी सकाळी जोडणी सुरू झाली. एकदम कुणीच काही जोडायचं नाही, असं ठरलं. दहा दिवसांच्या कामाचे छोटे छोटे तुकडे करायचे. एक तुकडा, काका, पुणे, टक-टक. मग पुढच्याचा एक तुकडा. अय्यूबनं नवं तेल भरून दिलं होतं, त्यामुळे प्रत्येक टक-टकबरोबर जमिनीवर एक थेंब पडायचा आणि दुपारपर्यंत खुंटीखाली तेलाचं डबकं झालं.

काका दिवसभरात पाच वेळा लाल झाला. सगळ्यात मजेशीर गोष्ट तिसऱ्या तासाला निघाली. राजकुमारनं मधल्या दहा दिवसांत वजनाची नोंद क्विंटलवरून किलोवर आणली होती. बबिताचा नवा तुकडा अजून क्विंटलच धरून चालला होता. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. एकत्र आल्यावर काकाच्या पडद्यावर एका बैलबंडीत अठराशे क्विंटल कापूस आला.

"बैल कोनते होते बे?" विठ्ठलरावांनी विचारलं आणि बबिता टेबलावर डोकं ठेवून हसली. हे तिसाव्या दिवशी पुण्यात निघालं असतं तर कुणी हसलं नसतं, हेही सगळ्यांना कळत होतं.

मंगळवारी सतरा तुकडे गेले. बुधवारी पाच वाजेपर्यंत आणखी तेरा. सगळे हिरवे. फक्त एक राहिला होता, आणि तो गझालाचा. अगदी लहानसा. काट्यावरची पावती मराठीत छापायची होती. एवढ्यात राजकुमार खालून गरम आलूबोंडे घेऊन आला. कागदातून तेल सुटलं होतं, बरोबर तळलेल्या मिरच्या होत्या.

"थंडे होतीन, चाल," तो म्हणाला.

"आले, आले." गझालानं कुप्पी आपल्या टेबलावर घेतली. बाकीच्यांचं सगळं आपल्याकडे घेतलं, आपलं मिसळलं, चालवलं. हिरवं. तिनं कोपऱ्यातल्या काकाकडे पाहिलं. वीस मिनिटं. मग आलूबोंड्यांकडे पाहिलं. पावतीच तर होती! आणि दोन दिवस तिनं सगळ्यांचं इतकं तपासलं होतं की आपलं तपासायची गरजच तिला वाटली नाही. तिनं थेट पुण्याला पाठवलं, कुप्पी खुंटीवर टांगली आणि बूड दाबलं. टक-टक.

पहिला घास तोंडात होता तेव्हा पडदा लाल झाला.

मिरची राजकुमारच्या हातातच राहिली. गझाला उठून मशीनशी गेली आणि तिला दिसायचं ते दिसलं. मराठी अक्षरांची एक फाइल पाठवायची राहिली होती. तिच्या मशीनवर ती दहा दिवसांपासून पडलेली होती. राजकुमारची चूक! शब्दशः राजकुमारची, आणि तिच्या हातून.

"माझ्या मशीनवर चालत होतं," ती म्हणाली, आणि आपणच हे बोलतोय हे लक्षात आल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला.

मग मात्र तिनं वेळ घालवला नाही. तिथल्या तिथे दुरुस्त करत बसायचं नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं आपला तुकडा जसाच्या तसा परत काढून घेतला, म्हणजे आधीचं हिरवं पुन्हा उभं राहावं. मिनिटं मोजत सगळे पडद्यासमोर उभे. अकराव्या मिनिटाला पडदा हिरवा झाला. गझालानं पेनांच्या डब्यातून लाल पेन काढलं आणि कॅलेंडरवर चोविसाव्या दिवसाच्या चौकोनात स्वतःच्या हातानं मोठा लाल ठिपका दिला. आता पुणं, ती मनात म्हणाली. चौघींची खोली, गोड वरण. मग तिनं फोन लावला.

"दीपमाला मॅडम, गझाला बोलतेय. आत्ता तुटलं ते दिग्रसकडून, आणि माझ्याच हातून. तपासायचा कंटाळा केला. बाकी कुणाचा दोष नाही, म्हणून त्यांचं काम..." तिनं लाल ठिपक्याकडे पाहिलं. "तीस दिवस काही झाले नाहीत. एवढंच सांगायचं होतं."

"तुटलं होतं?" दीपमाला म्हणाली. "थांब हं, बघते." कळफलकाचा आवाज आला. "हो की. पाच वाजून बावीस. पाच तेहेतीसला परत उभं. आमची मंडळी चहाला गेली होती, कुणाला पत्ताच नाही." मग तिचा सूर बदलला. "खरं सांगू का? मी तुला सोमवारीच फोन करणार होते. दहा दिवस तुमच्याकडून एक ओळ आली नाही. मला वाटलं, या लोकांनी घाबरून काम बंद केलं. काम इकडे आणायचं पत्र लिहूनही ठेवलं होतं. आणि काल सकाळपासून बघते तर एकामागून एक येतंय, तीस तुकडे, सगळे धड. हे केलं काय तुम्ही?"

गझालानं सगळं सांगितलं. खुंटी, कुप्पी, काका, बबितावर ओरडणं, सुकलेली नळी. बैलबंडीतला अठराशे क्विंटल कापूसही. दीपमाला हसते हे त्या ऑफिसात पहिल्यांदाच कळलं.

"ते पत्र मी फाडते," ती शेवटी म्हणाली. "पण उद्यापासून पुन्हा तीस दिवस मोजायचे. तुटलं तर चालेल, अर्ध्या तासात उभं राहिलं पाहिजे. आणि ज्या दिवशी काहीच जोडलं नाही, त्या दिवशी ठिपका नाही."

फोन ठेवल्यावर राजकुमारनं अशी आरोळी ठोकली की खालचा कृषी केंद्रवाला वर येऊन बघून गेला. आलूबोंडे थंडगार झाले होते. गझालानं तीन खाल्ले. मग काकावर वीस मिनिटं बसून ती पावती जोडली, आणि टक-टक करायचा मान बबिताला दिला.

दसऱ्यानंतर जिनिंग सुरू झाले. पहिली गाडी काट्यावर चढली तेव्हा अय्यूब मुद्दाम तिथे उभा होता. पावती मराठीत निघाली आणि त्यानं ती घडी घालून खिशात टाकली. ती शेतकऱ्याची आहे हे कुणीतरी सांगितल्यावर परत दिली, पण दुसरी काढून घेतली.

नवे तीस दिवस केव्हाच होऊन गेले. त्यात लाल ठिपके दोन आले, दोन्ही विठ्ठलरावांचे, आणि दोन्ही चहा थंड व्हायच्या आत मिटले. डिसेंबरात दीपमालाचा फोन आला. इकडे वीस जण आहेत, आमच्याकडेही ओढाताण चालते, तशी कुप्पी कुठे मिळते, असं ती विचारत होती.

नवी कुप्पी घडवायला अय्यूब दोन रविवार पत्रा कापत आणि सांध्यांना कथिलाचा डाग देत बसला. सोनीबाईंनी गोंड्याचं फूल पाठवलं. पार्सल बांधताना गझालानं विचारलं, आत काही लिहायचं का. अय्यूबनं थोडा विचार केला आणि सांगितलं तसं तिनं चिठ्ठीवर लिहिलं:

"रोज हातात घेत जा. सुकू देऊ नका. अय्यूब फिटर, दिग्रस."

पार्सल पुण्याच्या गाडीत चढवून बापलेक स्टँडवर उभे राहिले. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर गझालानं चहावाल्याकडून दोन चहा घेतले, आणि ती ऑफिसला गेली.